'डोळे शिणतात' : त्रिमितीय चित्रपटावरील एका आक्षेपाची चिकित्सा

त्रिमितीय चित्रपटाविषयी गेल्या सात दशकांत जी समीक्षा लिहिली गेली तिच्यात एक विधान निरनिराळ्या रूपांनी पुनःपुन्हा भेटते: हे चित्रपट पाहताना डोळे शिणतात. कथा, अभिनय, छायालेखन यांचा हिशेब चुकता झाल्यावर समीक्षक ते बहुधा तक्रारवजा नोंद म्हणून लेखाच्या अखेरीस लिहितो. आणि क्वचित त्याच एका विधानाच्या बळावर सबंध प्रकारच निकालात काढतो. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी मे १९१० नव्हे, मे २०१० मध्ये 'न्यूजवीक' साप्ताहिकात लिहिलेल्या लेखाचा रोख असाच होता. शतकाची ही चूक हातून घडावी इतका तो सूर जुना आहे.

विधान दिसते तितके सरळ नाही. 'शिणणे' हे मराठीत अकर्मक क्रियापद आहे. 'प्रवासाने माणूस शिणला', 'वाचून वाचून डोळे शिणले', अशा वाक्यांत शिणण्याचे कारण तृतीयेने किंवा धातुसाधिताने येते. पण ते गाळले तरी वाक्य पुरे वाटते. 'शिणवणे' म्हटले की मात्र शिणवणारा सांगावाच लागतो. समीक्षेत पहिलेच रूप चालते, आणि कारणाच्या रिकाम्या राहिलेल्या जागी वाचक आपसूक 'तिसरी मिती' हे शब्द भरतो. ही जागा खरोखर कशाने भरावी याचा निर्णय झाल्यावाचून आक्षेपाला समीक्षेचे मोल येत नाही.

प्रथम नामांचा घोळ. लांबोय, आयसेलस्टाइन आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये या विषयावरील संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात दोन संज्ञा कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या आहेत. प्रेक्षक स्वतः जे सांगतो ती दृष्टीची अस्वस्थता. आणि दृष्टियंत्रणेच्या कार्यक्षमतेत मोजता येण्याजोगी जी घट होते तो दृष्टीचा थकवा. पहिलीचा पुरावा साक्षीचा, दुसऱ्याचा मापनाचा. पहिल्याच मिनिटाला डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवणारा प्रेक्षक अस्वस्थ असतो. तो थकलेला असण्याइतका वेळ अद्याप गेलेला नसतो. उलट, दोन तासांनंतर ज्याच्या डोळ्यांची वळण्याची शक्ती काहीशी मंदावली आहे असा प्रेक्षक कोणतीही तक्रार न करता घरी जाऊ शकतो. समीक्षकाचे 'डोळे शिणतात' हे विधान या दोहोंपैकी कशाविषयी आहे हे त्याच्या लेखावरून सहसा कळत नाही.

शरीरशास्त्राची बाजू थोडक्यात अशी. दोन डोळ्यांना मिळणाऱ्या किंचित भिन्न प्रतिमांतून खोलीचा बोध होतो, हे चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८३८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात घनदर्शक यंत्राच्या साहाय्याने दाखवून दिले. जवळची वस्तू पाहताना डोळे दोन क्रिया करतात: दोन्ही बुबुळे नाकाकडे वळतात, हे अभिसरण, आणि डोळ्यातील भिंग अधिक फुगीर होते, हे समायोजन. नित्याच्या व्यवहारात या क्रिया बैलजोडीसारख्या चालतात, एक वळली की दुसरी तिच्यासवे ओढली जाते. त्रिमितीय चित्रपटात मात्र प्रतिमा पडद्यावरच उमटलेली असल्यामुळे समायोजन पडद्याच्या अंतरावर खिळलेले असते, आणि अभिसरण तेवढे भासमान वस्तूच्या मागे पुढे-मागे धावते. हॉफमन, बँक्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही जोडी मुद्दाम जुळती व विजोड अशी दोन्ही प्रकारे राखून तुलना केली, तेव्हा विजोडपणाच शीण उत्पन्न करतो असे आढळले. म्हणजे आक्षेपाला शास्त्राचा आधार आहे. प्रश्न त्याच्या व्याप्तीचा आहे.

इतिहासात हा आक्षेप प्रथम मोठ्याने ऐकू आला तो १९५२ नंतर. २६ नोव्हेंबर १९५२ रोजी आर्च ओबोलर यांचा 'ब्वाना डेव्हिल' लॉस एंजेलिस येथे प्रदर्शित झाला आणि हॉलिवुडमध्ये त्रिमितीय चित्रपटांची लाट उसळली. आफ्रिकेतील नरभक्षक सिंह थेट प्रेक्षकाच्या मांडीवर येऊन बसेल असे आश्वासन जाहिरातीत होते. प्रेक्षकाच्या डोळ्यांपर्यंत मात्र सिंहाआधी बरेच काही पोहोचत होते. डाव्या व उजव्या डोळ्याची चित्रे दोन स्वतंत्र फितींवर असत, आणि दोन प्रक्षेपकयंत्रे एकमेकांशी जखडून ती एकाच वेळी दाखवावी लागत. एका यंत्रातील फीत तुटली, चालकाने दोन चौकटी कापून ती जोडली, आणि दुसऱ्या फितीतील तेवढ्याच चौकटी काढावयास तो विसरला, तर त्यापुढील सबंध रीळभर एक डोळा दुसऱ्याच्या मागे राही. सेकंदाला चोवीस चौकटी, तेव्हा दोन चौकटींचे अंतर म्हणजे सेकंदाचा बारावा हिस्सा. तेवढ्या अवधीत आडवा चालणारा मनुष्य खोटीच खोली धारण करतो, आणि वरून पडणारी वस्तू एका डोळ्याला वर तर दुसऱ्याला खाली दिसते. डोळ्यांना आडव्या दिशेने एकमेकांकडे वळण्याचा सराव जन्मापासूनचा असतो. एक डोळा वर आणि एक खाली करण्याचा प्रसंग निसर्गात जवळजवळ येत नाही. ती शक्ती अत्यल्प असते, आणि ती वापरावी लागली की डोके धरते. प्रक्षेपक किंचित तिरपा बसला तरी परिणाम हाच. शिवाय ध्रुवित प्रकाश टिकावा म्हणून पडदा रुपेरी हवा, आणि काचा उजेडाचा मोठा भाग गिळून टाकीत, त्यामुळे चित्र अंधुक.

एवढे लक्षात घेतले की त्या वर्षांतील डोकेदुखीचा मोठा वाटा प्रक्षेपकाच्या खोलीच्या पदरात टाकावा लागतो. एप्रिल १९५३ मध्ये आलेला 'हाउस ऑफ वॅक्स' आजही त्या लाटेतील सुबक चित्रपटांपैकी एक मानला जातो. त्याचे दिग्दर्शक आंद्रे द टॉथ यांना एकाच डोळ्याने दिसत असे. आपण घडवीत असलेली खोली त्यांना स्वतःला कधीच पाहता आली नाही, ही चित्रपटेतिहासातील एक चमत्कारिक गोष्ट खरी. पण प्रेक्षकाच्या शिणाशी तिचा संबंध जोडण्याचा मोह टाळलेलाच बरा. चांगला रचलेला चित्रपट वाईट रीतीने दाखविला गेला, आणि दोष रचनेच्या प्रकाराला लागला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सिनेमास्कोपचा रुंद पडदा आला, त्याला चष्मा लागत नव्हता, आणि लाट दीड-दोन वर्षांत ओसरली.

संख्यांकित प्रक्षेपणाने यांपैकी बहुतेक दोष नाहीसे केले. एकच यंत्र दोन्ही डोळ्यांची चित्रे आळीपाळीने, सेकंदाला १४४ वेळा दाखवू लागले. चौकट चुकण्याचा व यंत्र तिरपे बसण्याचा प्रश्न उरला नाही. डिसेंबर २००९ मध्ये 'अवतार' आला तो या व्यवस्थेवर. तेव्हा १९५३ची तक्रार केवळ यंत्रांची असती तर ती येथे संपावयास हवी होती. ती संपली नाही.

तिचे सर्वांत समर्थ रूप वॉल्टर मर्च यांच्या पत्रात सापडते. जानेवारी २०११ मध्ये ईबर्ट यांनी ते प्रसिद्ध केले. मर्च हे नामवंत संकलक व ध्वनिसंयोजक. १९८६ चा 'कॅप्टन ईओ' हा त्रिमितीय लघुपट त्यांनी संकलित केला होता, म्हणजे अनुभव ऐकीव नव्हे. त्यांचा मुख्य मुद्दा वर सांगितलेल्या विजोडपणाचाच आहे. पडदा समजा ८० फुटांवर असेल तर समायोजन सतत ८० फुटांवर राहणार. अभिसरण मात्र १० फुटांवर, मग ६० फुटांवर, मग १२० फुटांवर असे फिरणार. डोळ्यांच्या उत्क्रांतीत हे कधीच घडलेले नाही. यास्तव त्रिमितीय चित्रपट आज साधत नाही आणि पुढेही साधणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. पुष्कळ वाचकांना हा युक्तिवाद निर्णायक वाटला.

परंतु त्यांनीच दिलेले आकडे घेऊन गणित करून पाहावे. समायोजनाचे माप फुटांत नव्हे तर डायॉप्टरमध्ये, म्हणजे मीटरमधील अंतराच्या व्यस्तात घेतात. ८० फूट म्हणजे सुमारे २४.४ मीटर, त्याचे ०.०४१ डायॉप्टर. ६० फुटांचे ०.०५५, आणि १२० फुटांचे ०.०२७. म्हणजे मर्च यांच्या तीन उदाहरणांपैकी दोहोंत समायोजन आणि अभिसरण यांच्यातील तफावत जेमतेम डायॉप्टरच्या शंभराव्या हिश्शाहून थोडी अधिक आहे. माणसाच्या डोळ्याला सुमारे ०.३ डायॉप्टर इकडेतिकडे झाले तरी प्रतिमा अस्पष्ट झाल्याचे कळत नाही. ही दोन उदाहरणे त्या मुभेत कुठल्या कुठे बुडून जातात. उरते १० फुटांचे: ०.३२८ उणे ०.०४१, म्हणजे ०.२९. हे मात्र सीमेवर आहे. डोळ्यांच्या वळण्याच्या कोनात मोजले तर तो फरक एका अंशाहून किंचित अधिक भरतो, आणि एक अंश ही सोसवेल अशा खोलीची मर्यादा म्हणून संशोधक पुष्कळ काळ वापरीत आलेला ठोकताळा आहे.

फुटांत मांडलेला युक्तिवाद भयंकर दिसतो याचे कारण भाषिक आहे. ८० आणि १२० यांत चाळीस फुटांचे अंतर वाचणाऱ्याच्या मनात भरते; डोळ्याच्या भिंगाला ते जाणवतही नाही. हाच युक्तिवाद घरातील दूरचित्रवाणीला लावला तर त्याला बळ येते. संच २ मीटरवर, म्हणजे ०.५ डायॉप्टर; वस्तू १ मीटरवर आणली की १ डायॉप्टर; तफावत अर्ध्या डायॉप्टरची. हातभर अंतरावरच्या लहान पडद्यावर ती आणखी वाढते. चित्रपटगृहाविषयी लिहिलेले पत्र वस्तुतः दिवाणखान्याविषयी अधिक खरे आहे. शिबाता, बँक्स आदींनी २०११ मध्ये निरनिराळ्या अंतरांवर सोसवणुकीचा पट्टा मोजला, त्यातही अंतराचा आणि दिशेचा फरक स्पष्ट झाला: जवळच्या पडद्यावर पुढे येणारी वस्तू अधिक त्रास देते, दूरच्या पडद्यावर मागे जाणारी.

मर्च यांच्या १० फुटांच्या उदाहरणाला एक जुने नाव होते. रेमंड स्पॉटिसवूड यांनी १९३५ मध्ये चित्रपटाचे व्याकरण लिहिले, १९५१ च्या ब्रिटन महोत्सवात लंडनच्या टेलिकिनेमासाठी त्रिमितीय चित्रपटांची सिद्धता केली, आणि १९५३ मध्ये बंधू नायजेल यांच्यासह या माध्यमाचा गणिती सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. व्याकरणकार गणिताकडे वळला तो याच शिणाच्या प्रश्नामुळे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्यांनी खोलीसाठी एक अंक कल्पिला. त्याला मराठीत निकटतांक म्हणता येईल. अनंत अंतरावरील वस्तूचा निकटतांक ०, पडद्याच्या पातळीवरील वस्तूचा १, पडदा आणि प्रेक्षक यांच्या मध्यावर असलेलीचा २. मर्च यांचे उदाहरण या मापाने ८ भरते. एखाद्या वक्त्याने सबंध भाषण टिपेच्या स्वरात केले आणि श्रोत्यांचे कान किटले, तर दोष मानवी कंठाला देत नाहीत.

आता साक्षीकडे वळावे. प्रेक्षकाच्या अस्वस्थतेचा पुरावा प्रश्नावलीतून मिळतो, आणि प्रश्नावली शब्दांची असते. या क्षेत्रात सर्रास वापरली जाणारी प्रश्नावली केनेडी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सिद्ध केली. सोळा लक्षणे, प्रत्येकाच्या चार पायऱ्या. ती मुळात वैमानिकांच्या उड्डाणसदृश यंत्रांतील त्रासासाठी होती. मळमळ, भोवळ, ढेकर आणि डोके भरून आल्यासारखे वाटणे ही लक्षणे डोळ्यांवरील ताणाच्या शेजारी बसलेली आहेत ती त्यामुळे. तिचे मराठी भाषांतर करावयाचे झाल्यास पहिली अडचण ढोबळ शब्दांचीच येईल. 'अस्वस्थता' मराठीत मनाकडे झुकते. परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थी अस्वस्थ असतो. 'थकवा' सर्व देहाचा. डोळ्यांना लागतो तो 'शीण', आणि त्यातही पोटभेद आहेत. डोळे चुरचुरतात, जळजळतात, खुपतात. आणि डोळे ठणकतात, जड होतात, आतून ओढल्यासारखे होतात. पहिला गट डोळ्याच्या पृष्ठभागाचा, दुसरा आतला. शीडी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रयोगशाळेत निरनिराळ्या प्रकारे नेत्रश्रम घडवून पाहिले, तेव्हा तक्रारी नेमक्या अशाच दोन गटांत विभागल्या गेल्या: बाहेरची जळजळ व कोरडेपणा एकीकडे, आणि डोळ्यामागची वेदना, ताण व डोकेदुखी दुसरीकडे. समायोजन व अभिसरण यांच्यावरील ताण दुसऱ्या गटात दिसून आला. त्रिमितीय चित्रपट पाहून ज्याचे डोळे चुरचुरले त्याने वातानुकूलित हवेला आणि पापणी न लवता पाहत राहण्याला आधी दोष द्यावा. ज्याचे ठणकले त्याची तक्रार खोलीच्या रचनेकडे नेता येते. मराठी समीक्षकाला हा भेद करण्यासाठी परक्या संज्ञेची गरज नाही. तो 'डोळ्यांना त्रास होतो' असे लिहून हाताशी असलेली क्रियापदे वाया घालवितो, एवढेच.

साक्षीला पूर्वग्रहाचाही रंग चढतो. १९८४ मध्ये भारताचा पहिला त्रिमितीय चित्रपट 'माय डिअर कुट्टिच्चातन' मलयाळम भाषेत आला, तेव्हा चष्म्यांतून डोळे येण्याची साथ पसरते अशी वदंता उठली, आणि प्रत्येक खेळानंतर चष्मे निर्जंतुक केले जातात हे नामांकित नटांच्या तोंडून पडद्यावर सांगण्याची वेळ निर्मात्यांवर आली. असा प्रेक्षक डोळ्यांकडे लक्ष ठेवूनच बसणार. जेनी रीड आणि इवो बोर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा अंश वेगळा काढण्याचा प्रयत्न आहे. ४ ते ८२ वर्षे वयाच्या ४३३ प्रेक्षकांनी एकच चित्रपट कोणी सपाट, कोणी त्रिमितीय असा पाहिला. त्रिमितीय चित्राने त्रास झालेल्यांचे प्रमाण सुमारे १४ टक्के निघाले. मुख्यतः डोकेदुखी आणि डोळ्यांवरील ताण. त्यानंतर काहींना चष्मे देऊन प्रत्यक्षात सपाटच चित्र दाखविले, तेव्हा जे हाती आले त्यावरून सुमारे ८ टक्के प्रेक्षकांची तक्रार खोलीमुळे नव्हे, तर चष्म्यामुळे किंवा मनात आधीच बसलेल्या ग्रहामुळे असू शकेल असा अंदाज निघतो.

या आकड्यांचा दोन्ही बाजूंनी दुरुपयोग होण्याजोगा आहे. निर्माते म्हणतील की निम्म्याहून अधिक शीण काल्पनिक. ते बरोबर नव्हे. ज्याचे डोके दुखले त्याचे ते दुखलेच, प्रश्न फक्त कारणाचा होता. विरोधक म्हणतील की शंभरांत चौदा म्हणजे पुष्कळ. पण उरलेल्या शहाऐंशींना जो प्रकार सोसतो त्याला निसर्गविरोधी कसे म्हणावे? त्याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष अधिक अडचणीचा आहे: आधीपासूनचे नेत्रविकार किंवा खोली ओळखण्याची मंद शक्ती यांच्याशी त्रासाचा संबंध आढळला नाही. कोणाला त्रास होईल हे तिकीट काढतेवेळी सांगता येत नाही. सपाट आणि त्रिमितीय असे दोन्ही खेळ एकाच गावात ठेवणे ही म्हणूनच केवळ व्यापारी सोय ठरत नाही.

कारणाच्या रिकाम्या जागेवर यंत्राचा दोष, प्रेक्षकाचा ग्रह आणि जवळच्या पडद्यावरील विजोडपणा असे दावेदार बसवून पाहिले, तरी चित्रपटगृहातील शिणाचा एक भाग उरतो, आणि तो दिग्दर्शक व संकलक यांच्या स्वाधीन असतो. दोन डोळ्यांतील अंतर सुमारे ६५ मिलिमीटर. पडद्यावर उजव्या डोळ्याची प्रतिमा डावीच्या उजवीकडे याहून अधिक सरकली, तर डोळ्यांना बाहेरच्या दिशेने फाकावे लागते. १० मीटर रुंदीच्या पडद्यावर २०४८ बिंदूंची ओळ असेल तर ६५ मिलिमीटर म्हणजे तेरा बिंदू. २० मीटरच्या पडद्यावर साडेसहा. लहान पडद्यावर तपासून निर्दोष ठरलेले क्षितिज मोठ्या पडद्यावर डोळे फाकविते. लहान मुलांच्या डोळ्यांतील अंतर याहूनही कमी, आणि हे चित्रपट बहुधा त्यांच्यासाठीच काढलेले असतात. २०१३ चा 'झपाटलेला २', मराठीतील पहिला त्रिमितीय चित्रपट, हाही बालप्रेक्षक नजरेपुढे ठेवणारा होता.

दुसरी गोष्ट काळाची. डोळे एका बिंदूवरून दुसऱ्यावर आडवे झेप घेतात ते क्षणार्धात. अभिसरण मात्र संथ असते, त्याला अर्धा सेकंद किंवा त्याहून अधिक लागतो. पुढे आलेल्या भाल्याच्या टोकावरून दूरच्या टेकडीवर चित्र तुटले की तो अवधी प्रेक्षकाला दुहेरी प्रतिमेत काढावा लागतो. वेगवान संकलनात पुढचे चित्र तेवढ्यात येऊन ठेपते. म्हणून जाणते तंत्रज्ञ तोडीच्या दोन्ही बाजूंची खोली आधी जवळ आणून मग तोडतात. २०१० च्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स'ला सपाट चित्रीकरणानंतर घाईने तिसरी मिती चढविली गेली आणि त्याबद्दल तो टीकेस पात्र झाला. तेथे दृश्ये आणि तोडी सपाट पडद्याच्या हिशेबाने आधीच ठरून गेल्या होत्या.

उलट उदाहरण १९५४ चे आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'डायल एम फॉर मर्डर' त्रिमितीय पद्धतीने चित्रित झाला, आणि लाट ओसरल्यामुळे बहुतेक ठिकाणी सपाटच दाखविला गेला. त्यात जवळजवळ सर्व काळ एक खोली आहे: पुढे दिवा, बाटल्या, खुर्चीची पाठ, मागे माणसे. खोली पडद्यामागे पसरते, आणि डोळे खिडकीतून पाहावे तसे आत पाहतात. गळा आवळला जात असलेल्या स्त्रीचा हात मेजावर कात्री शोधीत मागे, प्रेक्षागृहाच्या दिशेने पसरतो, तेव्हा पडद्याची चौकट ओलांडली जाते. नंतर एका किल्लीच्या वेळी. शंभराहून अधिक मिनिटांत डोळ्यांना इतक्या जवळ बोलावले जाते ते या दोन वेळा, आणि दोन्ही वेळा कथानक त्याच वस्तूवर टांगलेले असते.